जेवणाच्या टेबलावरची फ्रेम

एकोणीसशे सत्त्याऐंशी. सालाबद्दल मला जराही शंका नाही, कारण त्या वर्षी आमच्या घरात सात आठवडे कुणी टेबलावर जेवलं नाही. टेबलावर सायकल होती. म्हणजे सायकलचा सांगाडा, ज्याला दुकानात सगळे फ्रेम म्हणत. आणि तोही आधी नव्हताच. आधी दोन लोखंडी पट्ट्या आल्या, त्या टेबलाला भोकं पाडून बोल्टांनी आवळल्या गेल्या, आणि भोकं पडताना सासूबाई दुसऱ्या खोलीत कानांत बोटं घालून बसल्या. मग नळ्या आल्या, कानशी आल्या, आणि मांडीवर ताटली घेऊन जेवायची जी सवय माझ्या नवऱ्याला त्या दिवसांत लागली ती अजून सुटलेली नाही.

सुरुवात मोठ्या भावजींनी केली, असं माझं आजही मत आहे. दुकान आता सर्वस्वी त्यांच्या हातात होतं. त्यांच्या आजोबांनी आणि मग वडिलांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, दुकानामागच्या वर्कशॉपमध्ये माणसाचं माप घेऊन फ्रेमी बांधल्या. भावजींनी मोठ्या कारखान्याची एजन्सी घेतली. खोक्यात बंद सायकल यायची, खोकं फोडायचं, हँडल सरळ करायचं, विकायची. बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून वर्कशॉप बंदच होतं आणि खोकी हळूहळू दारापर्यंत येऊन पोचली होती. एका रविवारी सगळे आमच्याकडे जेवायला बसलेले असताना भावजी सहज म्हणाले,

"बाबा, मागचं रिकामं करून टाकतो. भंगारवाल्याशी बोललोय. फ्रेम आता बांधतंय कोण?"

"मी," शिडी म्हणाली.

शिडी म्हणजे माझी धाकटी नणंद. तिची उंची सहा फुटांना दोन बोटं कमी. शाळेत पडलेलं ते नाव घरात आलं आणि राहिलं. पस्तीस वर्षांची, पाणीखात्यात नकाशे काढायची. घरात सायकलचं दुकान असून तिला कधी तिच्या मापाची सायकल मिळाली नव्हती. दुकानातली सगळ्यांत मोठी फ्रेम घ्यायची, सीट वर काढायची आणि तरी गुडघे हँडलला लागायचे. ती कामावर जाताना पाहिली की टोळ उडी मारायच्या बेतात आहे असं वाटायचं.

"तू?" भावजी हसले. "तुला पंक्चर तरी काढता येतं का?"

"तू शिकवलंस का कधी?"

"तू शिकायला आलीस का कधी?"

"आले होते. दहा वर्षांची असताना. तू म्हणालास, ग्रीस लागेल, घरी जा."

"मग? लागलंच असतं की ग्रीस."

जाऊबाई म्हणाल्या, "अहो, लहान बहिणीशी काय भांडता! आणि वन्सं, तुम्ही पण. फ्रेम बांधणं म्हणजे नकाशा आहे का, चुकलं की खोडलं?" जाऊबाई दुकानाच्या गल्ल्यावर बसत. त्यांना खोक्यांसाठी जागा हवी होती, आणि ती मागणी काही गैर नव्हती. पाऊस आला की त्यांच्या स्वयंपाकघरात सायकली ठेवाव्या लागायच्या.

बाबांनी चमचा खाली ठेवला. ते फारसं बोलत नसत, त्यामुळे चमचा ठेवला की घर गप्प व्हायचं.

"सात आठवड्यांनी आमच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत," ते म्हणाले, "त्या रविवारी तुम्ही सगळे इथे असालच. तू फ्रेम बांध. मी दोरा लावून पारखीन. माझ्या दोऱ्याला उतरली तर वर्कशॉप तुझं, हत्यारांसकट. नाही उतरली तर सोमवारी दादा ते रिकामं करेल. मग कुणी हूं की चूं करायचं नाही."

"मान्य," भावजी म्हणाले, आणि आणखी थोडी भाजी वाढून घेतली. मला तेव्हा त्यांचा राग आला होता. पैज जिंकल्यासारखे जेवत होते.

वर्कशॉपमधून हत्यारं मिळाली, पण जागा मिळाली नाही. घरात सपाट आणि मजबूत अशी एकच गोष्ट होती, जेवणाचं टेबल. चार माणसांनाही न उचलवणारं, जाड लाकडाचं. शिडीने पाणसळ घेतली, टेबल इंच इंच सरकवलं, आणि एका जागी थांबवलं जिथे पाणसळीतला बुडबुडा सगळीकडून मधोमध येत होता. त्या जागी टेबलाचा एक पाय जमिनीला पुरता टेकत नव्हता. केसाइतकी फट होती.

"हे असंच राहू दे," तिने सगळ्यांना बजावलं. "कुणी हलवायचं नाही."

"जेवणाचं टेबल आहे ते, ऑपरेशनचं नाही," सासूबाई म्हणाल्या.

"आई, सात आठवडे."

"सात आठवड्यांत माणसाची हाडं जुळतात. तुझ्या नळ्या जुळल्या नाहीत तर?"

सासूबाईंचा विरोध होता तो फ्रेमीला नव्हे. पोरगी आधीच घोडीसारखी वाढली आहे, त्यात लोखंड घासत बसली की हात कसे होतील, ही काळजी. पस्तीस वर्षांच्या मुलीच्या हातांची काळजी करून आता काय उपयोग, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

माप मी घेतलं. शिडी अनवाणी भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि मी माझ्या नवऱ्याचं जबड्यांवरचं जाडजूड पुस्तक तिच्या पायांमध्ये धरून वर ओढलं. माझा नवरा दातांचा डॉक्टर. तिच्याहून मोठा, भावजींनंतरचा. पाय मोजले, हात मोजले, पाठ मोजली. मग तिने फ्रेमीचं पूर्ण आकाराचं चित्र काढलं आणि ते जेवणघराच्या भिंतीवर टाचलं. इतकी सुंदर रेषा मी पुन्हा पाहिली नाही. कोन अर्ध्या अंशापर्यंत लिहिलेले.

काम मात्र रेषेइतकं सोपं नव्हतं. एक नळी दुसऱ्या गोल नळीवर घट्ट बसायची तर तिचं टोक माशाच्या तोंडासारखं कानसायचं. जरा जास्त घासलं की फट. तिसऱ्या आठवड्यापर्यंत तिने दोन नळ्या वाया घालवल्या आणि मी एक. हो, कानस मलाही दिली होती. पिठाच्या डब्यावर झाकण ठेवायला विसरले त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी थोडं लोखंड खाल्लं.

नळ्या टेबलावर पट्ट्यांमध्ये अडकवून, खाली विटा ठेवून, शिडी सांध्यांना नुसते टाके घ्यायची. मग ती टाचलेली फ्रेम मागच्या ओट्यावर न्यायची आणि तिथे गॅसच्या ज्योतीने पितळ वितळवून सांधे पुरते भरायची. बाबा खुर्ची टाकून बसायचे. त्यांना धड दिसत नव्हतं, पण ज्योतीच्या आवाजावरून ते सांगायचे. "फार तापवलंस. मागे घे. आता सांध्यावरचा टाकणखार वितळून काचेसारखा झाला असेल. झाला? लाव पितळ." आणि पितळ लोण्यासारखं सांध्यात ओढलं जायचं. ते आत पूर्ण पोचलं की नाही हे कसं कळायचं? तर माझ्या नवऱ्याने दवाखान्यातून तोंडात घालायचा छोटा आरसा आणला, नळीत घातला, वर टॉर्च धरली आणि म्हणाला, "डावीकडे मागे एक दाढ राहिलीय."

तो खूश होता. तसा तो कुणाच्याच बाजूने नसायचा. भावजींचा फोन आला की त्यांच्या बाजूचा, शिडी समोर असली की तिच्या. पण आरसा हातात आल्यापासून त्याने पक्ष बदलला. भावजी फोनवर विचारायचे, "कुठवर आलं तिचं?" आणि हा म्हणायचा, "हिरड्या छान आहेत." पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज यायचा.

सहाव्या आठवड्याअखेर पुढचा त्रिकोण तयार झाला. बाबांनी हात फिरवून बघितला आणि काही बोलले नाहीत, म्हणजे चांगला होता. राहिला मागचा चिमटा, ज्यात मागचं चाक बसतं. तो शुक्रवारी टाचायचा, शनिवारी भरायचा आणि रविवारी दोरा.

गुरुवारी दुपारी घरात सासूबाई एकट्या होत्या. त्या टेबल पुसत होत्या. हे मला त्यांनीच सांगितलं, खूप नंतर, आणि सांगतानाही त्यांचा चेहरा उतरला होता. पुसताना टेबल किंचित डुगडुगलं. आता सासूबाईंना काहीही चालायचं, तुटकी कपबशी चालायची, फाटकी उशी चालायची, पण डुगडुगणारं टेबल त्यांना सोसायचं नाही. त्यांनी बुटांच्या खोक्याचं झाकण फाडलं, घडी केली, आणि त्या अधांतरी पायाखाली ठोकून बसवली. टेबल हलेनासं झालं. मुलीला मदत केल्याचं समाधान घेऊन त्या जरा आडव्या झाल्या.

त्या पुठ्ठ्याने टेबलाचा एक कोपरा उचलला गेला, फळी पिळली गेली, आणि तिच्याबरोबर लोखंडी पट्ट्याही. डोळ्यांना दिसणार नाही इतक्याच. शुक्रवारी शिडीने त्या पट्ट्यांवर विश्वासून मागचा चिमटा टाचला.

रविवारी भावजी आणि जाऊबाई दुकानाच्या गाडीतून आले. केक आणला होता. गाडीत त्यांचं काय बोलणं झालं ते जाऊबाईंनी पुढे मला सांगितलं. भावजी वाटेत एकदा म्हणाले, "समजा, उतरली दोऱ्याला, तर?" जाऊबाई म्हणाल्या, "उतरत नाही. तुम्हीच म्हणता ना?" त्यावर ते म्हणाले, "उतरत नाही. माझी उतरली नव्हती." बस्स, एवढंच. जाऊबाईंना त्यांच्याशी लग्न होऊन चोवीस वर्षं झाली होती आणि भावजींनी कधीकाळी फ्रेम बांधली होती हे त्यांना त्या दिवशी गाडीत कळलं. त्या पुढे विचारणार, तोवर घर आलं.

फ्रेम मागच्या अंगणात दोन खुर्च्यांच्या पाठींवर ठेवली होती. रंग नव्हता. सांध्यांवर पितळ चमकत होतं. शिडी तिच्याशेजारी उभी होती, ऑफिसला जायचे कपडे घालून. मला वाटतं तिला ती परीक्षाच वाटत होती.

भावजी आले, फ्रेमीभोवती एक फेरी मारली. हात मागे बांधलेले.

"सांधे स्वच्छ आहेत," ते म्हणाले.

"आरसा माझा," माझा नवरा म्हणाला.

"जेवण गार होतंय," जाऊबाई म्हणाल्या. "होऊन जाऊ दे काय ते."

बाबांनी खिशातून मेण लावलेल्या दोऱ्याचं गुंडाळं काढलं. मागच्या चाकाचा आस बसतो त्या डाव्या खाचेला एक टोक बांधायचं, दोरा पुढे नेऊन हँडलच्या नळीला वळसा घालायचा आणि परत आणून उजव्या खाचेला ताणून बांधायचा. मधे सीटची नळी. तिच्या दोन्ही बाजूंनी दोरा सारख्याच अंतरावरून गेला पाहिजे. एक मिलिमीटर बाबा सोडून द्यायचे. त्यांना दिसत नव्हतं म्हणून मोजायचं काम माझ्या नवऱ्याकडे आलं.

"डावीकडे तीस," तो म्हणाला.

मग तो दुसऱ्या बाजूला गेला आणि तिथे फार वेळ वाकून राहिला.

"बोल की," बाबा म्हणाले.

"सव्वीस."

"नीट बघ."

"नीटच बघतोय, बाबा. सव्वीस."

चार मिलिमीटर. भाताच्या शितापेक्षा कमी, पण बाबा सोडून देत त्याच्या चौपट. शिडी पुढे आली, तिने पट्टी घेतली, स्वतः मोजलं, पट्टी माझ्या हातात दिली.

"असं होणार नाही," ती म्हणाली. "पुढचा त्रिकोण सरळ होता. टेबल सरळ होतं."

"दोरा खोटं बोलत नाही," भावजी म्हणाले. आश्चर्य म्हणजे त्यांच्या आवाजात आनंद नव्हता. "चल, आत चल. जेवू या."

पण ती पाणसळ घेऊन आत गेली होती. आम्ही सगळे तिच्यामागे. पाणसळ टेबलावर ठेवली आणि बुडबुडा एका बाजूला पळाला. शिडी गुडघ्यांवर बसली, टेबलाखाली वाकली, आणि पुठ्ठ्याची घडी हातात घेऊन बाहेर आली. तिच्यावर अजून बुटांचा नंबर छापलेला होता.

"हे कुणी ठेवलं?"

जाऊबाई म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघता? मी आत्ता आले."

"मी," सासूबाई म्हणाल्या. "डुगडुगत होतं गं."

"आई!"

"मला काय माहीत! टेबल हललं तर तुझं काम बिघडेल असं वाटलं मला."

शिडी हसायला लागली. रडण्याच्या अगदी काठावरचं हसू ते. सासूबाई मात्र एकदम ताठ झाल्या. सात आठवडे ज्या टेबलासाठी कुरकुरत होत्या त्याच्यावर हात ठेवून नवऱ्याकडे वळल्या.

"अहो, हे धरायचं नाही. चूक माझी आहे. तिला आणखी एक आठवडा द्या."

"दिवस ठरला होता," बाबा म्हणाले.

"पन्नास वर्षांत मी तुमच्याकडे काय मागितलंय?"

"टेबल," बाबा म्हणाले. "हेच टेबल मागितलं होतंस."

"मस्करी पुरे!"

"आई, हे बघ," भावजी म्हणाले, "कारण कुणाचंही असू दे. फ्रेम वाकडी म्हणजे वाकडी. गिऱ्हाईकाला सांगणार का, आमच्या आईने पुठ्ठा ठेवला होता?"

"तू गप्प बस. तुला खोकी ठेवायचीत."

"खोकी मला ठेवायचीत," जाऊबाई म्हणाल्या. "त्यांच्यावर कशाला घालता?"

"थांबा सगळे," बाबा म्हणाले. ते दाराच्या चौकटीला धरून उभे होते आणि त्यांना या गोंधळाचं मनापासून नवल वाटत होतं. "वाकडी आहे तर त्यात एवढं काय झालं? पहिल्या दोऱ्याला कुणाची फ्रेम सरळ निघते? माझ्या वडिलांची पहिली सहाने बाहेर होती. माझी पाचने. तापवलं की लोखंड ओढतंच. पुठ्ठा असो नसो. दोरा लावायचा तो किती वाकवायचं ते कळायला. नंतर थंड झाल्यावर हाताने सरळ करायची. पायाने दाबायची, ओढायची, परत दोरा. उतरली म्हणजे तेव्हा उतरली."

शिडीचा चेहरा उजळला. मी तिच्याकडे बघत होते, त्यामुळे भावजींकडे माझं लक्ष गेलं ते जाऊबाईंनी "अहो?" म्हटलं तेव्हा. ते भिंतीला टेकले होते.

"काय म्हणालात?" ते म्हणाले.

"वाकवून सरळ करायची म्हणालो."

"माझी तीनने बाहेर होती."

"हो. आठवतंय मला. चांगली बांधली होतीस. तीन म्हणजे काहीच नाही."

"बाबा, तुम्ही 'तीन' म्हणालात आणि उठून आत निघून गेलात!"

"चहा प्यायला गेलो होतो," बाबा म्हणाले.

कुणीतरी हसलं. बहुतेक माझा नवरा. मग त्याला कळलं की हसायचं नव्हतं.

"चहा पिऊन बाहेर आलो," बाबा सावकाश म्हणाले, "तर तू फ्रेम खिळ्याला टांगली होतीस आणि हात धुऊन गेला होतास. दुसऱ्या दिवशी मला म्हणालास, एजन्सी घेऊ या. मला वाटलं, पोराला काम आवडत नाही. बळजबरी कशाला करा."

"मला वाटलं, तुम्हाला..." भावजी थांबले. सत्तेचाळीस वर्षांचे, अंगाने आडवे, दुकानात ज्यांच्यासमोर सेल्समन उभे राहून बोलायचे असे ते. "मला वाटलं माझ्या हातात ते नाही. पंचवीस वर्षं मला असंच वाटतंय."

"मग विचारायचंस."

"तुम्ही सांगायचंत."

दोघांचंही खरं होतं. मधे जाऊबाईंनी विचारलं.

"गल्ल्याच्या मागे भिंतीवर आहे ती फ्रेम का? जिच्यावर मी ट्यूबा टांगते?"

भावजींनी मान हलवली.

"कुणासाठी बांधली होती?"

बाबाच म्हणाले, "कुणासाठी काय! लग्न ठरत होतं तेव्हाची आहे. माझ्याकडून तुझी उंची काढून घेतली होती त्याने."

जाऊबाईंसारखी बाई मी दुसरी पाहिली नाही. बोलण्यात कधी हार जायच्या नाहीत. त्या दिवशी मात्र त्यांनी पदराचं टोक उगीच सारखं केलं आणि खिडकीतून अंगणाकडे बघत राहिल्या.

भावजी बाहेर गेले. आम्ही आलो तेव्हा त्यांनी कोट काढून खुर्चीवर टाकला होता, फ्रेम आडवी केली होती आणि पेडलच्या नळीवर जुनं फडकं गुंडाळून त्यावर पाय रोवला होता. दोन्ही हातांनी मागचा चिमटा धरला. खांदे ताणले. त्यांना बघून कळत होतं की ही गोष्ट त्यांनी मनात शंभर वेळा केली आहे, फक्त नव्या फ्रेमीवरही ती करायची असते हे त्यांना माहीत नव्हतं.

"दादा, सोड," शिडी म्हणाली.

"एका ओढीत येईल."

"येऊ दे. पण तू ओढायची नाही. फ्रेम माझी आहे."

भावजींनी तिच्याकडे बघितलं. मला वाटलं आता भांडण पेटणार. पण त्यांनी पाय काढला आणि बाजूला झाले.

"ये. इथे पाय. असा नाही, टाच. हां. आता तो चिमटा अगदी टोकाला धर. कमरेतून ओढ, हाताने नाही. आणि हळूहळू ओढलंस तर काही होणार नाही, ते परत जागेवर जाईल. त्याला घाबरायचं नाही."

"तुला कसं माहीत?"

"पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या वाकड्या सायकली सरळ करतोय मी. फक्त स्वतःची... ओढ!"

तिने ओढलं. दोरा लागला. माझा नवरा वाकला. "एकोणतीस, सत्तावीस."

"निम्मं आलं," बाबा खुर्चीतून म्हणाले.

"परत," भावजी म्हणाले. "थोडं कमी. मघापेक्षा थोडंसंच कमी. दोऱ्याकडे बघ, माझ्याकडे नको."

सासूबाई डोळे मिटून उभ्या होत्या. शिडीने टाच रोवली, तिची सगळी उंची मागे झुकली, आणि नळीतून एक बारीक टणत्कार आला. मला वाटलं तुटली.

"मोज," भावजी म्हणाले.

माझा नवरा एका बाजूने बघून आला, दुसऱ्या बाजूने बघून आला, मग पुन्हा पहिल्या बाजूला गेला.

"अरे, बोल ना!" भावजी ओरडले.

"अठ्ठावीस," तो म्हणाला. "आणि अठ्ठावीस."

बाबांनी स्वतः उठून दोऱ्यावरून बोटं फिरवली. एकीकडून, दुसरीकडून. मग दोरा सोडला, नीट गुंडाळला आणि खिशात ठेवला.

"उतरली," ते म्हणाले.

शिडीने आधी भावाकडे बघितलं. बापाकडे नाही. भावजी फडक्याला हात पुसत होते आणि घाम गळत होता. "वर्कशॉप गेलं तुझं," ती म्हणाली.

"गेलं."

"तूच घालवलंस."

"आता जास्त बोलू नकोस. मागचा चिमटा सरळ झालाय, पण डाव्या खाचेची कड उद्या कानसायला लागेल. चाक घासेल."

तेवढ्यात आतून जाऊबाईंचा आवाज आला. त्या कधी आत गेल्या ते कुणाला कळलं नव्हतं. फोनवर होत्या आणि फोनवर त्या नेहमी ओरडूनच बोलत. "नाही, उद्या ट्रक पाठवायचा नाही. नाही हो, परवाही नाही. अहो, भंगार नाहीये ते! कुणी सांगितलं तुम्हाला भंगार आहे म्हणून? मी? बरं, मी. आता मीच सांगतेय, नाहीये."

त्या बाहेर आल्या. भावजी त्यांच्याकडे बघत होते.

"आणि खोकी?" त्यांनी विचारलं.

"खोकी आपल्या खोलीत," जाऊबाई म्हणाल्या. "तुमच्या बाजूला."

मग आम्ही जेवलो. केक सगळ्यात आधी संपला.

पुढचं थोडक्यात सांगते.

शिडीने फ्रेमीला गडद हिरवा रंग दिला आणि ऑक्टोबरात त्या सायकलवरून कामावर गेली. गुडघे कुठेही लागले नाहीत. चार वर्षांनी तिने पाणीखातं सोडलं. कारखान्याच्या सायकलीत न मावणारी माणसं तिला शोधत यायला लागली. फार उंच, फार बुटकी, एक पाय आखूड असलेली. एकदा एक पोस्टमन आला, त्याचे हात इतके लांब की तिने तीन वेळा मोजले. लग्न तिने केलं नाही. विचारलं की म्हणायची, माप जुळलं नाही.

बाबा ब्याण्णव साली गेले. त्याआधी दोन वर्षं रोज सकाळी त्यांना वर्कशॉपमध्ये नेऊन बसवावं लागे. तिथे ते ज्योतीचा आवाज ऐकत आणि चुका सांगत. सासूबाई एक्क्याण्णव वर्षांपर्यंत जगल्या. त्या पुठ्ठ्यावरून त्यांना चिडवलं की शेवटपर्यंत म्हणायच्या, "टेबल हलत होतं, आणि हलणारं टेबल मी आजही चालवून घेणार नाही."

भावजी दुकान चालवत राहिले. दुकान बंद केलं की तासभर मागे जायचे. शिडीने टाचलेल्या फ्रेमी ते सरळ करून द्यायचे. त्यांच्या हाताला जे कळत होतं ते तिच्या पाणसळीला कळत नसे, हे तीच सांगे. दोघं भांडायची इतकी की गिऱ्हाईक परत जायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचं. भिंतीवरची ती जुनी फ्रेम त्यांनी त्याच महिन्यात खाली उतरवली. जाऊबाई पंचेचाळिसाव्या वर्षी सायकल शिकल्या, दोनदा कुंपणावर आदळल्या, आणि पुढे वीस वर्षं त्यांनी ती सायकल कुणाला हात लावू दिली नाही. भावजींना जाऊन आता पंधरा वर्षं झाली. जाऊबाई त्यांच्याबद्दल बोलताना अजून मधेच थांबतात आणि म्हणतात, "सांगायचं की नाही माणसाने!"

माझ्या नवऱ्याने दवाखाना बंद केला. आता तो वर्कशॉपमध्ये सांधे तपासायला जातो. दिसत फारसं नाही त्याला, पण जातो.

शिडी बहात्तर वर्षांची आहे. अजून सहा फुटांना दोन बोटं कमी, निदान ती तसं म्हणते. ज्योत आता दोन मुली धरतात, तिने शिकवलेल्या. ग्रीस लागतं त्यांना, भरपूर. चित्र मात्र तीच काढते.

आणि मी. या घरात येऊन मला पन्नासच्या वर वर्षं झाली आणि मला सायकल येत नाही. एवढ्या वर्षांत कुणी शिकवली नाही, मीही म्हटलं नाही. गेल्या आठवड्यात शिडी आली, मला उभं केलं आणि टेप काढली.

"आता या वयात?" मी म्हणाले.

"तीन चाकांची बांधतेय. पडणार नाही तुम्ही."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण ती माझा हात मोजत होती, खांद्यापासून मनगटापर्यंत, आणि आजवर तो कुणी मोजला नव्हता. मी तिला रंग सांगितला.